दमट हवेत हुकणारा पीएच मीटर : पुसलेल्या फ्लक्सचं एक प्रकरण

प्रयोगशाळेतला टेबलावरचा एक पीएच मीटर दुरुस्तीला आला. हवा कोरडी असेल तर तो ठीक चालायचा, दमट झाली की रीडिंग सरकायचं. सकाळी कॅलिब्रेशन करून ठेवावं आणि दुपारी त्याच बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) इलेक्ट्रोड बुडवला की आकडा जुळू नये, अशी तक्रार होती. काही महिन्यांपूर्वी केबलला झटका बसून इनपुटचा बीएनसी कनेक्टर, म्हणजे इलेक्ट्रोडची केबल जोडायची जागा, हलला होता. तेव्हा कुणीतरी कनेक्टरचे सोल्डरचे जॉइंट पुन्हा मारले होते आणि त्याच बैठकीत इनपुटचा ऑप-अँपही (इलेक्ट्रोडचा सिग्नल घेणारा आयसी) बदलला होता. त्रास सुरू झाला तो त्यानंतर. मीटर आणून देणारे म्हणाले, "इलेक्ट्रोड दोनदा बदलून झाला. आता मीटरच टाकून द्यायचा का, तेवढं सांगा."

बोर्ड बाहेर काढला तर वरवर पाहता स्वच्छ होता. जॉइंट चमकत होते, तपकिरी डाग नव्हते, जळकट काही नव्हतं. पुसलेला बोर्ड दिसला की आपण फ्लक्सवरचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या रसायनावरचा, संशय काढून घेतो आणि आयसीच्या मागे लागतो. या बोर्डवर मात्र दोष पुसण्यातूनच आला होता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आकड्यांनी दाखवलेली दिशा

मीटर मिलिव्होल्टवर टाकून, जुनं कॅलिब्रेशन बाजूला ठेवून, दमट दिवशी घेतलेली रीडिंग प्रयोगशाळेने लिहून ठेवली होती. ती पीएचमध्ये मांडली तर ७ च्या बफरला ७.१०, ४ च्या बफरला ४.२८ आणि १० च्या बफरला ९.९२ येत होते. या तीन आकड्यांत दोन वेगळे दोष मिसळलेले आहेत, हे लक्षात आलं की अर्धं काम झालं.

आदर्श इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो आणि ७ ला शून्य. म्हणजे ४ च्या बफरला साधारण १७७.५ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. इथे ४ पासून १० पर्यंतचा पल्ला आखडला होता, उतार जेमतेम ९४ टक्के भरत होता. त्याशिवाय सगळी रीडिंग सुमारे ६ मिलिव्होल्टने एका बाजूला ढकलली गेली होती. उतार कमी होणं आणि शून्य सरकणं ही म्हाताऱ्या होत चाललेल्या इलेक्ट्रोडची नेमकी लक्षणं आहेत. त्यामुळे इलेक्ट्रोड बदलणाऱ्यांना दोष देता येत नाही; मीटर त्यांना तेच सांगत होता. फक्त इलेक्ट्रोड हवेचा दमटपणा बघून म्हातारा आणि तरुण होत नाही.

काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा रेझिस्टन्स प्रचंड असतो, दहा-वीस मेगाओमपासून काहीशे मेगाओमपर्यंत, आणि थंड द्रावणात तो आणखी वाढतो. एवढ्या मोठ्या रेझिस्टन्समधून येणारा सिग्नल वाटेत किंचित जरी गळला तरी व्होल्टेज पडतं. म्हणून इलेक्ट्रोड बाजूला ठेवून त्याच्या जागी १ गिगाओमचा (हजार मेगाओमचा) रेझिस्टर लावला आणि त्याच्या पलीकडून माहीत असलेलं व्होल्टेज दिलं. असा रेझिस्टर हाताळताना बोटं त्याच्या अंगाला लागू द्यायची नाहीत. त्वचेचं मीठ आणि तेल त्यावर बसलं की आपण बोर्डऐवजी आपल्या बोटांचे ठसे मोजतो. रेझिस्टर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन, पायांना धरून, पत्र्याच्या बंद डबीत बसवला. उघडा ठेवला तर मेन्सचा हम उचलतो.

कोरड्या खोलीत रीडिंग जवळपास बरोबर आली. दोष दिसायला ओलावा हवा होता. त्यासाठी महागडं चेंबर लागत नाही. हवाबंद डब्यात, वाटीत, साध्या मिठाचा पाण्याने भिजवलेला दाट लगदा ठेवला की डब्यातली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. बोर्ड मात्र वाटीपासून उंच आणि दूर हवा, मिठाचा एक थेंबही त्यावर जाता कामा नये. रात्रभर तसा ठेवून दुसऱ्या दिवशी डब्यातच रीडिंग घेतली.

१ गिगाओमच्या पलीकडे ० मिलिव्होल्ट दिल्यावर मीटर −२० दाखवू लागला. १७७.५ दिल्यावर १२२. रेझिस्टर शॉर्ट केला की दोन्ही ठिकाणी अचूक आकडा. म्हणजे ऑप-अँपचा स्वतःचा ऑफसेट आणि पुढचं सर्किट निर्दोष.

आता हिशेब. दोन रीडिंगमधला फरक १४२ आहे, असायला हवा होता १७७.५. गुणोत्तर बरोबर ०.८. १ गिगाओममधून येणाऱ्या सिग्नलचा ८० टक्के भाग उरतो, याचा अर्थ इनपुटपासून ग्राउंडकडे सुमारे ४ गिगाओमची गळती आहे. शून्य २० मिलिव्होल्टने खाली गेलं, ते इनपुटमधून कुठेतरी ऋण बाजूला करंट जातोय म्हणून. १ आणि ४ गिगाओम समांतर धरले तर ०.८ गिगाओम, त्यावर २० मिलिव्होल्ट पडायला २५ पिकोअँपिअर लागतात. बोर्डवर ऋण सप्लाय −५ व्होल्ट. म्हणजे इनपुट आणि −५ व्होल्ट यांच्यात सुमारे २०० गिगाओम.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. २०० गिगाओम! बहुतेक सर्किटांत याला कुणी गळती म्हणणारच नाही. हातातला मल्टिमीटर ४० किंवा ६० मेगाओमच्या पुढे काही बघत नाही, त्याला दोन्ही ठिकाणी 'ओपन'च दिसणार आणि तसंच दिसलं. पण ऑप-अँपचा इनपुट करंट डेटाशीटप्रमाणे काही फेम्टोअँपिअर आहे. बोर्डच्या पृष्ठभागावरून जाणारा करंट त्याच्या हजारो पट होता. हा करंट ऑप-अँपच्या आतूनही येऊ शकला असता, कारण स्टॅटिकने दुखावलेला इनपुट असाच गळतो. पण आतली गळती खोलीतल्या दमटपणावर हलत नाही. तोंडाची वाफ बोर्डवर सोडली की रीडिंग दोन सेकंदांत ढळायचं आणि वाफ उडाली की परत यायचं. गळती बाहेरच होती, पृष्ठभागावर. इथे इन्सुलेशन टेस्टर लावायचा मोह टाळायला हवा. त्याचं शंभर-पाचशे व्होल्ट ऑप-अँपच्या इनपुटला पुरून उरेल.

दोन गळत्या, दोन ठिकाणं. ग्राउंडकडे जाणारी गळती उतार खाते, सप्लायकडे जाणारी शून्य सरकवते. बीएनसीची मधली पिन आणि तिच्याभोवतीचे ग्राउंडचे चार पाय ही पहिलीची स्वाभाविक जागा. ऑप-अँपची ३ नंबरची इनपुट पिन आणि तिला लागून असलेली ४ नंबरची ऋण सप्लायची पिन ही दुसरीची. दोन्ही ठिकाणी मागच्या दुरुस्तीत सोल्डरिंग झालं होतं.

भिंगाखाली

वरून सरळ पडणाऱ्या उजेडात काही दिसत नव्हतं. दिवा बाजूने, बोर्डला जवळजवळ समांतर धरला आणि मग ऑप-अँपच्या पायांमध्ये पांढुरकी झाक दिसली. तिच्यात कापसाचे दोन-तीन तंतू अडकलेले होते. म्हणजे कापसाच्या बोळ्याने, थोड्याशा स्पिरिटने पुसलेलं. तेलकट काचेवर ओलं फडकं फिरवल्यावर डाग जाऊन सगळी काच धुरकट होते, तसाच हा प्रकार: जॉइंटवरचा जाड फ्लक्स विरघळला, पातळ होऊन आजूबाजूला पसरला, आयसीच्या पोटाखाली शिरला आणि स्पिरिट उडून गेल्यावर तिथेच वाळला.

लाकडी टूथपिकचं टोक आयसीच्या कडेखाली हलकेच घातलं. बाहेर काढताना त्याला तार सुटली. ही खूण मला फार महत्त्वाची वाटते. नीट तापलेल्या रोझिन फ्लक्सचा अवशेष कडक आणि ठिसूळ असतो, टोचला तर काचेसारखा तडकतो. चिकट असेल तर तो पुरेसा तापलेलाच नाही, त्यातलं द्रावक आणि आम्ल अजून तिथेच आहे.

बीएनसीच्या खाली तर भिंगालाही जागा नव्हती. कनेक्टरचं प्लॅस्टिकचं बूड बोर्डला टेकलेलं, फट कागदाच्या जाडीची. पण कडेने मधासारखी एक रेघ बाहेर आलेली दिसत होती. ७ नंबरच्या, धन सप्लायच्या पॅडजवळ अगदी बारीक हिरवट छटाही होती. तांब्याचे क्षार तयार व्हायला लागले होते. ओलावा, आयन आणि व्होल्टेज एकत्र आले की धन बाजूचा धातू विरघळून ऋण बाजूकडे जातो आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारखा वाढू लागतो. त्या फांद्या समोरच्या पॅडला टेकल्या की सरळ शॉर्ट. इथे तेवढी मजल गेली नव्हती. आज फक्त रीडिंग हुकतंय म्हणून बोर्ड तसाच ठेवला असता, तर पुढे काय झालं असतं ते या छटेने सांगितलं.

नो-क्लीन फ्लक्स आणि त्याची अट

वापरलेला फ्लक्स बहुधा बाटलीतला, पातळ, नो-क्लीन (सोल्डरिंगनंतर धुवावा न लागणाऱ्या) प्रकारचा असावा. अवशेषाच्या रंगावरून आणि प्रमाणावरून तसं वाटत होतं. फ्लक्सचं काम धातूवरचा ऑक्साइड खाणं. त्यासाठी त्यात आम्ल लागतंच. पाइनच्या झाडाच्या राळेपासून मिळणाऱ्या रोझिनमध्ये ॲबिएटिक आम्ल असतं, पण ते सौम्य. म्हणून जोडीला ॲडिपिक, सक्सिनिक, ग्लुटारिक अशी कार्बनी आम्लं घालतात. नो-क्लीनमध्ये यांचं प्रमाण असं बेतलेलं असतं, की सोल्डरिंगच्या उष्णतेत त्यांचा बराचसा भाग खर्ची पडतो किंवा उडून जातो आणि उरलेला रोझिनच्या कडक थरात बंदिस्त होतो.

ही सगळी मांडणी उष्णतेवर उभी आहे. कारखान्यातल्या ओव्हनमध्ये अख्खा बोर्ड तापतो, त्यामुळे फ्लक्स कुठेही गेला तरी तापतो. हाताने दुरुस्ती करताना आयर्नची बिट (टोक) टेकते ती एका पॅडवर. बाटलीतून सोडलेला फ्लक्स चार-पाच मिलिमीटर पुढे वाहत गेलेला असतो आणि तिथे त्याला पुरेशी आच लागतच नाही. असा कच्चा फ्लक्स ओलावा ओढतो, आणि ओलाव्यात आम्लाचे आयन मोकळे होतात. आणि बंदिस्त झालेला थरसुद्धा अपुऱ्या स्पिरिटने पुसला की फुटतो. आत कोंडलेलं बाहेर येतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की नो-क्लीनचा कडक, तापलेला अवशेष साध्या सर्किटवर असेल तर त्याला हात लावू नये. आणि हात लावलाच, तर तो पूर्ण धुऊन काढावा. अर्धवट पुसणं हा या दोन्हींपेक्षा वाईट मार्ग आहे.

फ्लक्सच्या डब्यावरचा संकेतही बघण्यासारखा असतो. जे-एसटीडी-००४ या मानकात 'आरओ' म्हणजे रोझिन, 'आरई' म्हणजे रेझिन, 'ओआर' म्हणजे कार्बनी आणि 'आयएन' म्हणजे अकार्बनी. पुढे 'एल', 'एम', 'एच' ही तीव्रता. शेवटचा ० किंवा १ हॅलाइडबद्दल. 'आरओएल०' हा दुरुस्तीसाठी सगळ्यांत निर्धास्त. पण निर्धास्त म्हणजे किती, तेही समजून घ्यावं. या मानकातल्या पृष्ठभाग-रोधाच्या चाचणीत उत्तीर्ण व्हायला १०० मेगाओमच्या वर राहावं लागतं. डिजिटल बोर्डला ते भरपूर झालं. या पीएच मीटरच्या इनपुटला, १ गिगाओमच्या सोर्सवर चूक एक हजारांश ठेवायची तर गळती १,००० गिगाओमच्या पलीकडे हवी, म्हणजे मानकाच्या दहा हजार पट. उत्तम फ्लक्स, नियमाप्रमाणे वापरलेला, तरीही या दोन चौरस सेंटिमीटरवर तो चालणार नव्हता. इथे धुण्याला पर्याय नव्हता.

आधी धुवायचं, मग तापवायचं

जॉइंट तर पुन्हा करायचेच होते, मग धुणं एकदाच शेवटी का नको? कारण जुना अवशेष पुन्हा तापवला की तो आणखी घट्ट होतो, ऑक्सिडाइज होतो आणि मग आयपीएला दाद देत नाही. म्हणून पहिली धुलाई सोल्डरिंग आयर्न सुरू करण्याआधी. त्यातही क्रम पाळला: बटन सेल काढला, बझर काढला, डिस्प्ले वेगळा केला. बझर, सीलबंद नसलेले रिले, उघडे प्रीसेट, मायक्रोफोन, आर्द्रतेचे सेन्सर, पॉलिस्टायरीन कपॅसिटर यांच्यात द्रव गेला तर एक दोष काढताना दुसरा घालून बसतो.

पहिल्या धुलाईनंतर पांढुरका थर अनेक ठिकाणी गेला, पायांच्या मुळाशी मात्र राहिला. असा चिवट पांढरा थर घासत बसू नये. त्यावर ताज्या रोझिन फ्लक्सचा थेंब सोडला, हॉट एअरने बेताचं गरम केलं, म्हणजे जुना अवशेष नव्यात विरघळला, आणि तो गरम असतानाच उष्णता बाजूला ठेवून धुतला. आयपीएचा ज्वलनबिंदू साधारण १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. आयर्न आणि हॉट एअर बंद, खिडकी उघडी, मगच बाटली उघडायची. याला अपवाद नाही.

बीएनसी

कनेक्टरच्या जॉइंटकडे पाहताना एक गैरसमज आड येऊ शकतो. ६३/३७ च्या शिशाच्या सोल्डरमध्ये निस्तेज जॉइंट दिसला की आपण लगेच 'ड्राय सोल्डर' (कच्चा जॉइंट) म्हणतो आणि बहुतेकदा ते खरं असतं. हा बोर्ड मुळात शिसेविरहित, ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असलेल्या मिश्रणाचा. त्याचे चांगले जॉइंटही दाणेदार आणि मळकट दिसतात. कारखान्याचे निस्तेज जॉइंट पक्के होते आणि दुरुस्तीतले चमकदार जॉइंट कच्चे. चमक बघायची नाही, सोल्डर कडेला किती पातळ होऊन पसरलंय ते बघायचं. ग्राउंडच्या दोन पायांवर सोल्डर गोळीसारखं फुगून बसलं होतं, कडेचा कोन उभा; उलट बाजूने भोकात डोकावलं तर अर्धंही भरलेलं नव्हतं. सर्वांत कडक वर्गाच्या बोर्डसाठी भोक उंचीच्या ७५ टक्के तरी भरलेलं लागतं.

कारण उघड होतं. हे पाय थेट ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले, आणि ते तांबं बिटची सगळी उष्णता ओढून घेतं. अशा वेळी तापमान ४०० च्या वर नेणारे पुष्कळ जण आहेत. त्याने बिटजवळचा फ्लक्स करपतो, पॅड उचलला जातो, पण भोकाच्या तळाशी सोल्डर वितळत नाही. खालून बोर्ड १०० अंशांच्या आसपास गरम ठेवला आणि ३५० अंशांवर रुंद, छिन्नीसारखी बिट वापरली. जुन्या जॉइंटवर थोडं ६३/३७ घातलं. शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं, हे १८३ ला, त्यामुळे मिश्रण सोपं सुटतं. एकेक पाय पंपाने मोकळा केला, मधली पिन शेवटी. कनेक्टर आपल्या वजनाने सुटला, ओढावा लागला नाही. भोकं विकने (वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) पूर्ण साफ केली, म्हणजे मिश्र सोल्डर मागे राहणार नाही.

कनेक्टर उचलल्यावर त्याच्या पोटाखाली अख्खा तपकिरी, ओलसर चकता निघाला. मधल्या पिनेपासून ग्राउंडच्या पायांपर्यंत सलग. ४ गिगाओमचा सगळा हिशेब तिथे डोळ्यांनी बघायला मिळाला. फ्लक्स कनेक्टरच्या आतही चढला होता, त्यामुळे तो धुऊन पुन्हा वापरण्याचा विचार सोडला आणि टेफ्लॉनच्या इन्सुलेटरचा नवा घेतला. नवा बसवताना त्याचं बूड बोर्डपासून सुमारे एक मिलिमीटर वर ठेवलं, पुठ्ठ्याची पट्टी खाली सरकवून. सोल्डर झाल्यावर पट्टी काढली. आता खालून द्रव जाऊ शकतो, आणि नुसता जात नाही, बाहेरही येऊ शकतो. केबलचा ताण पॅनेलच्या नटने घ्यायचा आहे, बोर्डच्या जॉइंटनी नव्हे. पहिल्यांदा कनेक्टर हलला तो नट सैल असल्यामुळेच.

नव्या जॉइंटला बाटलीतला फ्लक्स वापरला नाही. सोल्डर वायरच्या गाभ्यातला फ्लक्स पुरला. तो तिथेच वितळतो, तिथेच तापतो, पसरत नाही.

ऑप-अँप

आयसी चांगला होता, तरी काढला. त्याच्या पोटाखालची फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. तिथे गेलेला फ्लक्स केशाकर्षणाने धरून ठेवला जातो आणि वरून कितीही आयपीए ओतलं तरी तळाशी काय राहिलं ते कळायला मार्ग नाही. साध्या सर्किटवर मी एवढा खटाटोप करत नाही. हॉट एअरने उचलला, पॅड विकने सपाट केले, जागा धुतली, आयसी स्वतंत्र धुतला, पुन्हा बसवला. ३ आणि ४ नंबरच्या पॅडमध्ये जेमतेम ०.६ मिलिमीटर अंतर आहे आणि मध्ये गार्ड रिंग नाही. इनपुटइतक्याच व्होल्टेजवर ठेवलेला ट्रॅक इनपुटभोवती फिरवला असता तर गळती त्याने अडवली असती. बोर्ड बनवणाऱ्याने ते टाळलं आहे. ३ नंबरची पिन हवेत उचलून टेफ्लॉनच्या खांबावर जोडण्याची पद्धतही आहे. शेवटची चाचणी फसली तरच ती करायची, असं ठरवलं.

शेवटची धुलाई

आयपीए ९९ टक्क्यांचं घेतलं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये रोझिन नीट विरघळत नाही आणि पांढरा थर उठतो. बोर्ड तिरपा धरला, धुवायची जागा वरच्या बाजूला नाही, खालच्या कडेजवळ येईल असा, म्हणजे मळलेलं द्रव चांगल्या भागावरून वाहत जात नाही. तंतू न सोडणारं कापड धुवायच्या जागेवर पसरलं, भिजवलं आणि आखूड केसांच्या अँटिस्टॅटिक ब्रशने कापडावरूनच घासलं. ब्रश थर सोडवतो, कापड तो लगेच शोषून घेतं. कापड बदलत राहिलो, ते पिवळट होणं थांबेपर्यंत. मग ब्रशशिवाय, नुसत्या ताज्या आयपीएची धार. ज्या आयपीएमध्ये ब्रश बुडवला ते या धारेसाठी वापरायचं नाही. त्यात फ्लक्स उतरलेला असतो आणि तोच पुन्हा बोर्डवर वाळतो.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. आयपीए रोझिन काढतं, पण आयनिक क्षार त्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांना पाणी लागतं. आयनिक मळ मोजण्याच्या प्रचलित चाचणीतलं द्रावणही याच कारणाने ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के पाणी असं असतं. तेच प्रमाण डीआयोनाइज्ड पाण्याबरोबर घेऊन एक धुलाई, मग नुसत्या डीआयोनाइज्ड पाण्याची, मग पाणी हाकलायला पुन्हा ९९ टक्के आयपीए. नळाचं पाणी चालत नाही, आपण क्षार काढायला निघालो आहोत. (त्या चाचणीची जुनी मर्यादा, चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम मीठ, या बोर्डला लावली असती तर तो बहुधा धुण्याआधीही उत्तीर्ण झाला असता. ती अख्ख्या बोर्डची सरासरी देते. एका पिनेपाशी साचलेला मळ सरासरीत हरवतो.)

ब्लोअरच्या कोमट हवेने फटींतलं द्रव बाहेर ढकललं आणि बोर्ड ७० अंशांवर दोन तास ठेवला. यापुढे नायट्राइलच्या हातमोज्यांशिवाय त्याला हात नाही.

डब्यात पुन्हा

मिठाच्या त्याच डब्यात, तेवढाच वेळ. १ गिगाओममधून ० ला −०.१ आणि १७७.५ ला १७७.२ मिलिव्होल्ट. तोंडाची वाफ सोडल्यावर आकडा क्षणभर एखाद्या मिलिव्होल्टने हलला आणि परतला. थेट वाफ बसल्यावर तेवढं होणारच. पिन हवेत उचलायची गरज उरली नाही.

कोटिंग करावं का, असा प्रश्न मालकांकडून आला. स्वच्छ, पूर्ण वाळलेल्या बोर्डवर ॲक्रिलिकचा थर उपयोगी पडतो. पण कोटिंगमधून ओलावा हळूहळू आत जातोच, आणि खाली फ्लक्स असेल तर तो तिथे कायमचा बंद होऊन बसतो. मागच्या दुरुस्तीनंतर कुणी कोटिंग मारलं असतं तर हे काम दुप्पट अवघड झालं असतं. सप्लायच्या भागावर केलं, इनपुटचा भाग उघडा ठेवला, म्हणजे पुढच्या वेळी धुता येईल.

काढून ठेवलेले दोन्ही जुने इलेक्ट्रोड मागवून घेतले. एकाचा उतार ९८ टक्के भरला, तो पुन्हा कामाला लागला. दुसरा कोरडा पडून खराब झाला होता. मीटर परत देताना १ गिगाओमचा रेझिस्टर आत बंद केलेला एक बीएनसी प्लग सोबत दिला, दुसरं टोक शॉर्ट करून. इलेक्ट्रोडच्या जागी तो लावला की मिलिव्होल्टवर शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. दमट दिवशी तो दोनपेक्षा जास्त सरकला तर बोर्ड धुवायला आणायचा. सरकला नाही, तर पुढचं पाऊल सिग्नल जनरेटर लावून उतार बघणं, कारण ग्राउंडकडची गळती शून्यावर दिसत नाही. ते माझ्याकडे करून मिळेल असं प्लगला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून दिलं.